पाठ्यपुस्तकातला पाऊस

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात पाऊस बऱ्याचदा पडतो. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे, म्हणजे एनसीईआरटीचे, २००६ साली आलेले पुस्तक येथे अभिप्रेत आहे. हे पुस्तक केंद्रीय मंडळाच्या शाळांसाठी लिहिलेले असले तरी वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांमुळे राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरातही ते असतेच. मांडणी नेटकी, भाषा स्वच्छ आणि उदाहरणे विचारपूर्वक घेतलेली, अशी या पुस्तकाची ख्याती आहे आणि ती बऱ्याच अंशी रास्त आहे. म्हणूनच त्यातला पाऊस जरा बारकाईने तपासून पाहावासा वाटतो.

सदिशांच्या प्रकरणात पाऊस सरळ खाली, सेकंदाला ३५ मीटर वेगाने पडतो. वारा सेकंदाला १२ मीटर वेगाने सुटतो आणि बसथांब्यावरच्या मुलाने छत्री किती तिरपी धरावी, असा प्रश्न विचारला जातो. कार्य आणि ऊर्जा या प्रकरणात १ ग्रॅम वस्तुमानाचा थेंब १ किलोमीटर उंचीवरून निघतो आणि सेकंदाला ५० मीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्याच प्रकरणाच्या शेवटी, स्वाध्यायात, २ मिलिमीटर त्रिज्येचा थेंब ५०० मीटरवरून येतो. त्याचा जमिनीवरचा वेग मात्र सेकंदाला १० मीटर एवढाच आहे. पुढे द्रायूंच्या प्रकरणात स्टोक्सचा नियम समजावताना पुन्हा पावसाचाच थेंब उदाहरण म्हणून येतो. तिथे वेगाचा आकडा दिलेला नाही, सूत्र दिलेले आहे. पण एखाद्या चौकस विद्यार्थ्याने स्वाध्यायातला २ मिलिमीटर त्रिज्येचा थेंब त्या सूत्रात घातला, तर उत्तर येते सेकंदाला सुमारे ४८४ मीटर. ध्वनीचा हवेतील वेग सुमारे ३४० मीटर आहे. म्हणजे हा पाऊस आपल्या आवाजाच्याही आधी पोहोचणार!

एकाच पुस्तकात पावसाचे तीन वेग आणि चौथा सूत्राच्या पोटात दडलेला. यांतला खरा कोणता, हा प्रश्न पुस्तक कोठेही विचारत नाही. आणि विद्यार्थीही विचारत नाही, कारण गणितातला पाऊस आणि डोक्यावर पडणारा पाऊस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर तो शिकलेला असतो. या लेखाचा आक्षेप आकड्यांच्या चुकीपेक्षा या शिकवणुकीवर अधिक आहे.

थेंबाचा खरा वेग

हवा नसती तर १ किलोमीटरवरून पडणारी कोणतीही वस्तू सेकंदाला १४० मीटर वेगाने खाली आली असती. हवा असल्यामुळे तसे होत नाही. वस्तूचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो. विरोध वजनाइतका झाला की निव्वळ बल शून्य होते, त्वरण थांबते आणि वस्तू उरलेले अंतर एकाच वेगाने कापते. हा अंत्य वेग. काही पुस्तकांत यालाच 'अंतिम वेग' म्हटले जाते. पण गतीच्या समीकरणांतील शेवटच्या वेगालाही आपण अंतिम वेगच म्हणतो. दोन्हींची गल्लत टाळण्यासाठी येथे 'अंत्य वेग' हाच शब्द वापरला आहे.

पावसाच्या थेंबांचे अंत्य वेग पूर्वीच मोजले गेले आहेत. अमेरिकेतील रॉस गन आणि गिल्बर्ट किंझर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेली मोजमापे आजही आधारभूत मानली जातात. त्यांनुसार १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला सुमारे ४ मीटर, २ मिलिमीटरचा साडेसहा मीटर, ३ मिलिमीटरचा ८ मीटर, ४ मिलिमीटरचा ८.८ मीटर आणि ५ मिलिमीटरचा ९.१ मीटर वेगाने पडतो. त्यापुढे वेग जवळजवळ वाढतच नाही. मोठा थेंब हवेच्या दाबाने खालून चपटा होतो, अधिक हवा अडवतो आणि साधारण ६ मिलिमीटरच्या पुढे गेला की फुटू लागतो. ८ ते १० मिलिमीटरचे थेंब फार क्वचित नोंदले गेले आहेत.

थोडक्यात, पावसाचा वेग सेकंदाला ९-१० मीटरच्या पलीकडे जात नाही. मग तो भिवंडीत आषाढात कोसळणारा असो की २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर नोंदला गेलेला असो. मुसळधार पावसात थेंब पुष्कळ असतात आणि मोठे असतात; पण ते बंदुकीच्या गोळीसारखे येत नाहीत.

तीन उदाहरणांची तपासणी

आता १ ग्रॅमचा थेंब पाहू. १ ग्रॅम पाणी म्हणजे १ घन सेंटिमीटर; त्याचा गोल केला तर व्यास १२.४ मिलिमीटर येतो. असा थेंब आकाशातून अखंड खाली येऊच शकत नाही. त्याचा वेग ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. जमिनीवर येताना त्याची गतिज ऊर्जा १.२५ ज्यूल असते. ४ मिलिमीटर व्यासाच्या खऱ्या थेंबाचे वस्तुमान ३३.५ मिलिग्रॅम आणि गतिज ऊर्जा सुमारे ०.००१३ ज्यूल. म्हणजे पुस्तकातला थेंब खऱ्या टपोऱ्या थेंबाच्या जवळजवळ हजारपट जोराने आदळतो. असा पाऊस पडला असता तर आवणातली भाताची रोपे एकदेखील उभी राहिली नसती.

उदाहरणाचा हेतू मात्र चांगला आहे, हे सांगितले पाहिजे. विरोधी बल नेमके किती, हे माहीत नसतानाही कार्य-ऊर्जा प्रमेयाच्या आधारे त्या बलाने केलेले कार्य काढता येते, हे दाखवायचे आहे. गुरुत्वाचे कार्य १० ज्यूल, गतिज ऊर्जा १.२५ ज्यूल, म्हणून विरोधी बलाचे कार्य उणे ८.७५ ज्यूल. पद्धत सुंदर आहे. खरे आकडे घेतले असते तर ती अधिकच सुंदर दिसली असती. ४ मिलिमीटरच्या थेंबावर १ किलोमीटरमध्ये गुरुत्वाचे कार्य होते ०.३३ ज्यूल आणि जमिनीवर पोहोचते ०.००१३ ज्यूल. म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा हवेला दिली जाते. हा निष्कर्ष विद्यार्थ्याला थक्क करणारा आहे आणि तो खरा आहे. पुस्तकाने हे आश्चर्य हातचे घालवले आहे.

स्वाध्यायातला १० मीटरचा वेग वास्तवाच्या जवळ आहे. येथे पुस्तकाला गुण द्यायला हवेत. पण हा थेंब अर्ध्या उंचीवर, म्हणजे २५० मीटर पडल्यावर, अंत्य वेगाला पोहोचतो असे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात ४ मिलिमीटर व्यासाचा थेंब १५-१६ मीटर पडल्यावरच अंत्य वेगाच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचतो. चार-पाच मजली इमारतीची उंची त्याला पुरते. त्यानंतर तो ५०० मीटरवरून निघाला होता की २ किलोमीटरवरून, याची कोणतीही खूण त्याच्या वेगात उरत नाही. अंत्य वेग या कल्पनेतला खरा गाभा हाच आहे आणि २५० मीटरच्या गृहीतकाने तोच झाकला जातो.

छत्रीच्या उदाहरणात चूक डोळ्यांनी दिसण्यासारखी आहे. पाऊस ३५ आणि वारा १२ धरला तर छत्री उभ्या रेषेशी सुमारे १९ अंश तिरपी धरावी लागते. सेकंदाला १२ मीटर वारा म्हणजे ताशी ४३ किलोमीटर. असे वारे सुटलेले असताना भिवंडीच्या एस.टी. स्थानकावर छत्री १९ अंश तिरपी धरून उभा राहणारा मुलगा कमरेपासून खाली चिंब भिजेल. पावसाचा खरा वेग ८ मीटर धरला तर कोन येतो ५६ अंश. छत्री जवळजवळ ढालीसारखी पुढे धरावी लागते आणि पावसाळ्यात रस्त्यावर आपण नेमके तेच पाहतो. म्हणजे विद्यार्थ्याच्या रोजच्या अनुभवाने पुस्तकातले उत्तर खोटे ठरते; पण परीक्षेत गुण मिळतात ते १९ अंशांना.

यावर ठरलेले उत्तर असे की, आकडे सोयीसाठी घेतलेले असतात. सोय कोणती, तेही कळते: १२ आणि ३५ यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ३७ असे पूर्णांकात येते. पण मग पाऊस ८ आणि वारा ६ घेतला असता तर उत्तर १० आले असते. तेही पूर्णांकात, त्याहून सोपे. ३ मिलिमीटरच्या थेंबाचा वेग खरोखरच ८ मीटर आहे आणि सेकंदाला ६ मीटर वारा पावसाळ्यात नेहमीचा आहे. कोन येतो ३७ अंश. सोय आणि सत्य यांचे भांडण येथे नव्हतेच. लिहिणाऱ्याने पावसाचा वेग किती असतो, एवढे पाहिले नाही, इतकेच.

स्टोक्सचा नियम कोठे लावावा?

चौथी अडचण अधिक खोल आहे. जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलेला नियम सांगतो की, द्रायूतून हळू जाणाऱ्या लहान गोलावरचा विरोध त्याच्या त्रिज्येच्या आणि वेगाच्या प्रमाणात असतो. हा विरोध द्रायूच्या श्यानतेमुळे, म्हणजे थरांच्या परस्परांवरील घर्षणामुळे येतो. वजन त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून अंत्य वेग त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आकार दुप्पट झाला की वेग चौपट.

टपोऱ्या थेंबाचे प्रकरण वेगळे आहे. त्याला वाटेतली हवा ढकलून बाजूला करावी लागते. वेग दुप्पट झाला की एका सेकंदात दुप्पट हवा वाटेत येते आणि त्या हवेला दुप्पट वेगही द्यावा लागतो. म्हणून विरोध चौपट होतो. येथे विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि तो हवेच्या श्यानतेपेक्षा तिच्या जडत्वावर अवलंबून असतो. अशा वेळी आकार दुप्पट केला तर अंत्य वेग साधारण दीडपटीच्या आतच वाढतो. वरचे आकडे पाहा: २ मिलिमीटरला साडेसहा, ४ मिलिमीटरला ८.८.

कोणता नियम कोठे लागू, हे ठरवण्याचे माप म्हणजे रेनॉल्ड्स अंक. हवेत पडणाऱ्या गोलासाठी सोपी रीत अशी: व्यास मिलिमीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन गुणाकार करावा आणि त्याला ६७ ने गुणावे. उत्तर १ पेक्षा बरेच लहान असेल तर स्टोक्सचा नियम बिनधोक वापरावा. ४ मिलिमीटरच्या थेंबासाठी हे उत्तर २३०० च्या पुढे जाते. तेथे स्टोक्सचे सूत्र लावणे म्हणजे सोन्याच्या तराजूवर कापसाची गाठ चढवणे होय.

ढगातला २० मायक्रॉन व्यासाचा जलकण मात्र या नियमात चपखल बसतो. तो सेकंदाला सुमारे १.२ सेंटिमीटर इतकाच खाली येतो. ढग खाली का पडत नाहीत, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या आकड्यात आहे. पुस्तकातील मिलिकनच्या तेलाच्या थेंबाचे आणि तेलातून पडणाऱ्या तांब्याच्या गोळीचे गणितही नियमाच्या मर्यादेत आहे. म्हणजे नियम कोठे लागतो, याची जाण लेखकांना आहे; फक्त समजावण्यासाठी उदाहरण निवडले ते नेमके नियमाबाहेरचे.

नियम लागतो तो कारखान्यात

चुकीच्या ठिकाणी लावलेले सूत्र हा अर्धा दोष. उरलेला अर्धा असा की, योग्य ठिकाणी ते लावलेच जात नाही. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मागावर ताण्याचे सूत सतत घासले जाते. त्यातून तुटके तंतू आणि सायझिंगच्या वेळी चढवलेल्या खळीची पूड हवेत उडते. पत्र्याच्या फटीतून कवडसा आत आला की ही धूळ तरंगताना दिसते. पावसाच्या थेंबाला जो नियम लागत नाही, तो या धुळीला पुरेपूर लागतो.

कापसाच्या तंतुद्रव्याची घनता पाण्याच्या सुमारे दीडपट असते. १० मायक्रॉन व्यासाचा गोल कण धरला तर स्टोक्सच्या नियमाने त्याचा अंत्य वेग सेकंदाला साडेचार मिलिमीटर येतो. ३ मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला ११ मिनिटे लागतील. २ मायक्रॉनच्या कणाचा वेग याच्या पंचविसावा हिस्सा. त्याला तेवढ्याच अंतरासाठी साडेचार तासांहून अधिक लागतील. तंतू गोल नसतात, म्हणून हे आकडे अंदाजाचे आहेत. शिवाय हे झाले पूर्ण स्थिर हवेचे. माग चालू असताना, पंखे फिरत असताना, माणसे ये-जा करत असताना हवेचे प्रवाह या वेगांच्या शेकडोपट असतात. तेव्हा बारीक धूळ बारा तासांच्या पाळीत खाली बसतच नाही.

यातून निघणारी गोष्ट साधी पण महत्त्वाची आहे. जमिनीवर साठलेला पांढरा थर म्हणजे जड तंतू. तो दिसतो आणि झाडता येतो. नाकाने आणि घशाने अडवले जाणारे कणही बहुतेक मोठेच असतात. साधारण ५ मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसात खोलवर जातात आणि हेच कण सर्वांत हळू पडतात. कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा श्वसनाचा रोग पिंजण्याच्या आणि कताईच्या विभागांत अधिक, विणकामात कमी आढळतो. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी छाती जड होणे, हे त्याचे प्रसिद्ध लक्षण. विणकामातली धूळ कमी असली तरी फुप्फुसांना परकीच आहे.

आता हेच गणित नववी-दहावी पार करून आलेल्या मुलाला करू द्या. धूळ आपोआप बसेल, या भरवशावर राहता येत नाही, हे त्याला दोन ओळींत कळेल. कोरड्या झाडूने झाडले किंवा दाबाच्या हवेने माग फुंकून काढले की तासन्‌तास न बसणारी धूळ पुन्हा हवेत जाते. ओल्या फडक्याने पुसले तर जात नाही. धूळ जिथे निघते तिथेच ओढून घेणारी झोतव्यवस्था का हवी, हेही त्याच आकड्यावरून समजते. आई-वडील मागावर काम करतात अशी मुले भिवंडीच्या वर्गांत पुष्कळ आहेत. स्टोक्सचा नियम त्यांच्या घरापर्यंत पोहोचू शकतो. तो पोहोचत नाही, कारण पुस्तकात तो पावसात भिजत उभा आहे.

वर्गात काय करता येईल?

पुस्तक बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. दोन प्रयोग कोणत्याही शाळेत होतील.

पहिला प्रयोग: बेकरीत लहान केकसाठी मिळणाऱ्या पातळ कागदी वाट्या घ्याव्यात. एक वाटी दीड मीटर उंचीवरून आणि एकात एक बसवलेल्या चार वाट्या ३ मीटर उंचीवरून, तळ खाली ठेवून, एकाच वेळी सोडाव्यात. वजन चौपट, आकार तोच. विरोध वेगाच्या प्रमाणात असता तर चार वाट्यांचा वेग चौपट झाला असता. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असेल तर वेग दुप्पट होईल आणि दोन्ही जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर येतील. सुरुवातीला वेग वाढण्यात थोडे अंतर जाते, त्यामुळे किंचित फरक पडेल. पण कौल कोणाच्या बाजूचा, हे घड्याळाशिवायही कळते.

दुसरा प्रयोग विल्सन बेंटली या अमेरिकन निरीक्षकाच्या नावावर आहे. त्याने पावसाच्या थेंबांवरचे काम १९०४ मध्ये प्रसिद्ध केले. परातीत बोटभर जाडीचा चाळलेला मैदा पसरावा, पावसात काही सेकंद धरून परात आत आणावी. थोड्या वेळाने पीठ चाळले की चाळणीत लहान-मोठ्या गोळ्या उरतात. त्या वाळवून मोजपट्टीवर ओळीने मांडाव्यात. त्यांचा आकार थेंबाच्या आकाराशी साधारण जुळतो. वर दिलेल्या आकड्यांवरून प्रत्येक थेंबाचा वेग सांगता येतो. आषाढातल्या सरीत आणि श्रावणातल्या रिमझिम पावसात कोणते थेंब जास्त, हे मुलांनी स्वतः शोधावे. १२ मिलिमीटरची गोळी कोणाला मिळाली तर तिने पुस्तकाची बाजू राखली, असे म्हणता येईल.

पीस आणि नाणे निर्वात नळीत एकत्र पडतात, हे सांगणे आवश्यकच आहे. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस सोडून ते दाखवलेही. पण आपले विद्यार्थी हवेत राहतात. हवेला केवळ दुर्लक्षण्याजोगा अडथळा मानून धडा संपवला की, पाऊस आपल्याला इजा का करत नाही आणि धूळ का करते, हे दोन्ही प्रश्न शाळेबाहेर राहतात.

गणितात घातलेला प्रत्येक आकडा हे जगाविषयी केलेले एक विधान असते. ते खरे आहे की नाही, हे पाहण्याची सवय लावणे हे विज्ञानाच्या शिक्षकाचे काम आहे. पुढच्या वेळी छत्रीचे गणित फळ्यावर लिहिताना ३५ खोडून ८ आणि १२ खोडून ६ लिहावे आणि खिडकीबाहेर पाऊस असेल तर उत्तर तिथेच ताडून पाहावे.